जस्त मिसळूनही न हलणारा आकडा

सांगलीत बी.एस्सी. करताना माझी पक्की समजूत झाली होती की, धातूत भेसळ वाढली की इलेक्ट्रॉन जास्त अडखळतात आणि उष्णतेचे वहन घटते. साध्या धातूंपुरती ती बरोबरच आहे. अपारंपरिक अतिवाहकांकडे, म्हणजे थंड केल्यावर विजेला विरोध न करणाऱ्या पण नेहमीच्या नियमांत न बसणाऱ्या पदार्थांकडे, वळणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र ती आधी बाजूला ठेवावी.

शिसे किंवा ॲल्युमिनियम यांसारख्या अतिवाहकांत ऊर्जा-अंतर, म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी मोडायला लागणारी ऊर्जा, सर्व दिशांना असते. त्यामुळे अतिशीत अवस्थेत जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन कूपर जोड्यांत गुंततात, आणि या जोड्या उष्णता वाहत नाहीत. बेडनॉर्झ व म्युलर यांनी 1986 मध्ये उजेडात आणलेल्या कुप्रेट (तांबे-ऑक्सिजनयुक्त) कुळात हे अंतर ठरावीक दिशांना शून्य होते. त्या शून्यस्थानांपाशी, म्हणजे नोडपाशी, अशुद्धी एकाच वेळी दोन कामे करते: जोड्या मोडून उष्णता वाहणारे क्वासीकण (इलेक्ट्रॉनासारखे वागणारे सुटे कण) निर्माण करते आणि त्याच कणांना विखरूनही टाकते. मार्केट यार्डात वाटेवरचे खड्डे वाढून हमालांची चाल निम्मी झाली, पण हमाल दुप्पट झाले, तर दिवसाअखेर हळदीची पोती तेवढीच हलतात. (उपमा इथेच सोडावी, खड्ड्यांतून हमाल उगवत नाहीत.) पॅट्रिक ली यांनी 1993 मध्ये असा हिशेब विद्युतवहनासाठी मांडला. 1997 मध्ये लुई तायफेर व सहकाऱ्यांनी इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडमध्ये तांब्याच्या जागी थोडे जस्त घालून उष्णतावाहकता मोजली, तेव्हा केवल शून्याकडे जाताना वाहकता भागिले तापमान हा आकडा जवळपास जागचा हलला नाही. अशुद्धी थोडी असेल तोवरच हे खरे. आणि तापमान जरा चढले, की जस्ताचा परिणाम लगेच दिसू लागतो. नवख्याने हा हिशेब एकदा तरी कागदावर स्वतः करून पाहावा.

असेच मोजमाप करताना माझी फसगत हिशेबात नव्हे, आलेखात झाली. स्फटिकाच्या कंपनांनी, म्हणजे फोनॉनांनी, वाहिलेली उष्णता तापमानाच्या घनाच्या प्रमाणात असते असे धरून मी वाहकता भागिले तापमान हा आकडा तापमानाच्या वर्गासमोर मांडून सरळ रेषा ओढली आणि जस्ताच्या नमुन्यात शून्यापाशी मोठा आकडा मिळाला म्हणून आठवडाभर हुरळून गेलो. खरे तर त्या स्फटिकाचे पृष्ठ आरशासारखे गुळगुळीत होते. अशा पृष्ठावरून फोनॉन न विखुरता परावर्तित होतात, त्यामुळे घातांक तीनच्या खाली येतो, बिंदू वक्र रेषेत पडतात आणि सरळ रेषेचा शून्यापाशी येणारा छेद खोटाच फुगतो. तेव्हापासून मी घातांक मोकळा ठेवतो, आणि कोणत्या तापमानापर्यंतचे बिंदू जुळवणीत धरले ते आलेखाच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो.