सिम्बॉलची यादी आणि भावकॉपी : डाउनलोडला बसण्याआधीची तयारी

आधी एक हिशोब कागदावर मांडा : डेटा रोजचा हवाय की मिनिटाचा? वर्षाला साधारण २५० सत्रं धरली तर दहा वर्षांच्या रोजच्या भावाच्या एका शेअरमागे २,५०० नोंदी होतात. मिनिटाचा डेटा घ्याल तर सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० या वेळात दिवसाला ३७५ आणि वर्षाला ९३,७५०. ॲमीब्रोकर या चार्ट काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक नोंद ४० बाइटची असते, म्हणून दोन हजार शेअरांचा दहा वर्षांचा रोजचा डेटा २०० एमबीत मावतो; पाचशे शेअरांचा एकाच वर्षाचा मिनिटाचा डेटा दोन जीबीच्या आसपास जातो. ज्याला संध्याकाळी चार्ट बघून दुसऱ्या दिवशीचं ठरवायचंय, त्याने मिनिटाच्या नादी लागू नये. नवीन डेटाबेस करताना मूळ कालावधी ‘एंड ऑफ डे’ ठेवा आणि नोंदींची मर्यादा ३,००० करा. मर्यादा ५०० वर राहिली तर डेटा असूनही चार्ट दोन वर्षांचाच दिसतो आणि माणूस उगाच पुन्हा डाउनलोड करत बसतो. डेटाबेसचं फोल्डर ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये नको, तिथे लिहिण्याची परवानगी अडते. क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्येही नको.

आता यादी. एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) साइटवर सगळ्या सूचीबद्ध शेअरांची सीएसव्ही फाइल मिळते : सिम्बॉल (शेअरचं बाजारातलं छोटं नाव), कंपनीचं नाव, सिरीज (व्यवहाराचा गट), लिस्टिंगची तारीख, आयसिन (शेअरचा ओळखक्रमांक), दर्शनी किंमत वगैरे. हिच्या पहिल्या ओळीत पहिले दोन रकाने सोडले तर मथळ्यांच्या आधी एक रिकामी जागा असते. ‘सिरीज’ नावाचा रकाना शोधणारी स्क्रिप्ट ‘असा रकानाच नाही’ म्हणते ती याच एका स्पेसमुळे. फाइल एक्सेलमध्ये बघायला हरकत नाही, पण तिथून सेव्ह करू नका; तुमच्या संगणकाच्या सेटिंगप्रमाणे एक्सेल तारखांचं रूप बदलून टाकतं. सगळे शेअर नको असतील तर निफ्टी ५०० ची यादी घ्या, पण ओळी मोजा. एखादी कंपनी विभागली जात असताना यादीत ‘डमी’ने सुरू होणारं तात्पुरतं नाव येतं, त्याला भावकॉपीत, म्हणजे बाजाराच्या रोजच्या भावांच्या फाइलीत, भाव नसतो. शिवाय ही यादी आजची आहे. सप्टेंबर आणि मार्चच्या अखेरीस ती बदलते. आजच्या ५०० कंपन्यांवर २०१५ पासूनची पद्धत तपासली तर मधल्या काळात बुडालेल्या आणि यादीतून निघालेल्या कंपन्या गणितात येतच नाहीत, आणि नफा आहे त्याहून गोड दिसतो.

सगळी यादी एकदम आत ओतू नका. आधी पाच नावांची चाचणी घ्या, आणि ती पाच मुद्दाम वाकडी निवडा. महिंद्राचं ‘एम&एम’ घ्या : मधल्या चिन्हाला वेबपत्त्यात वेगळा अर्थ असतो, त्यामुळे स्वतःच्या स्क्रिप्टने डेटा मागवताना त्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि २६ लिहावं लागतं; नाहीतर सर्व्हरपर्यंत नुसतं ‘एम’ पोचतं. मधे आडवी रेघ असलेलं ‘बजाज-ऑटो’ घ्या. अंकाने सुरू होणारं ‘२०मायक्रॉन्स’ घ्या. कंपनी आपल्या इंदूरच्या शेजारच्या वडोदऱ्याची, पण इथे कामाची यासाठी की अक्षरक्रमात ती अगदी वर असते. कुठला रकाना कशाचा हे ॲमीब्रोकरला सांगणाऱ्या फॉरमॅट फाइलमध्ये वगळायच्या ओळी एकाऐवजी दोन लिहिल्यात तर मथळ्यापाठोपाठ हिचाच बळी जातो, आणि दोन हजारांत एक नाव कमी पडलेलं कुणाच्या लक्षात येत नाही. चौथं नाव बोनस दिलेल्या कंपनीचं आणि पाचवं नाव बदललेल्या कंपनीचं असू द्या.

नाव बदललेल्या कंपनीसाठी इंदूरकरांना लांब जायला नको. आपली रुची सोया २०२२ मध्ये पतंजली फूड्स झाली आणि सिम्बॉलही बदलला. जुनी मालिका जुन्या नावाखाली थांबते, नवी मालिका नव्या नावाखाली शून्यापासून सुरू होते, आणि दोन्ही चार्ट अर्धेमुर्धे दिसतात. मुंबई शेअर बाजाराचा ५००३६८ हा कोड मात्र तोच राहिला. आयसिनवर विसंबावं म्हटलं तर शेअरचं विभाजन झालं की तोही बदलतो. म्हणून एनएसईची सिम्बॉल-बदलांची वेगळी फाइल उतरवून ठेवा आणि स्वतःचा जोडतक्ता करा. सियागंजातला व्यापारी खतावणीत दुकानाची पाटी बदलली तरी खातं एकच ठेवतो, तसं. घरातल्या जुन्या कागदी शेअरचं नाव कुठल्याच यादीत सापडत नसेल तर दोष डाउनलोडचा नाही. इंदूरचा मध्यप्रदेश शेअर बाजार २०१५ मध्ये बंद झाला; फक्त तिथेच नोंदलेल्या कंपन्या एनएसईच्या यादीत नसणारच.

भावकॉपीकडे वळताना एक तारीख ध्यानात असू द्या : ८ जुलै २०२४. त्या दिवसापासून एनएसईने जुना साचा बंद करून नवा आणला. रकान्यांची नावं, क्रम, तारखेची पद्धत, सगळंच बदललं. आधी महिना इंग्रजी अक्षरांत असायचा, आता वर्ष-महिना-दिवस असे आकडे. म्हणजे जुन्या फाइलींना एक फॉरमॅट फाइल, नव्यांना दुसरी. आम्हाला बरं वाटतं ते असं : दोन्हींतून सिम्बॉल, तारीख, चार भाव आणि व्हॉल्यूम हे सातच रकाने काढून एकसारखी छोटी फाइल करावी आणि ॲमीब्रोकरला तीच द्यावी.

ती छोटी फाइल करताना सिरीजची चाळणी लावलीच पाहिजे. ही चूक सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात उशिरा कळते. भावकॉपीत शेअरांबरोबर रोखेही असतात आणि कित्येकदा सिम्बॉल एकच असतो. आयआरएफसीचं बघा : शेअर ‘ईक्यू’ सिरीजमध्ये, आणि एक हजार रुपये दर्शनी किमतीचे रोखे त्याच नावाने ‘एन’ने सुरू होणाऱ्या सिरीजमध्ये. चाळणी नसेल तर एका तारखेला एका नावाच्या दोन-तीन ओळी येतात, शेवटची ओळ आधीचीला पुसते, आणि शेअरच्या चार्टवर मधेच हजाराच्या वर सुळका उभा राहतो. पण नुसतं ‘ईक्यू’ ठेवूनही भागत नाही. शेअर ‘ट्रेड टू ट्रेड’मध्ये (जिथे डिलिव्हरी घ्यावीच लागते त्या गटात) ढकलला की त्याची सिरीज ‘बीई’ होते आणि तुमच्याकडे ते दिवस कोरे राहतात. दोन्ही ठेवा.

‘क्लोज’ आणि ‘लास्ट’ हे रकाने वेगळे आहेत. एनएसईचा बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या व्यवहारांची भारित सरासरी. ‘लास्ट’ म्हणजे शेवटचा सौदा. ब्रोकरच्या स्क्रीनशी दहा-वीस पैशांचा फरक दिसला तर आधी हे तपासा. बोनस आणि विभाजनाचं समायोजन भावकॉपीत नसतं. रिलायन्सने २८ ऑक्टोबर २०२४ ला एकास एक बोनस दिला, तेव्हा त्याआधीचे सगळे भाव निम्मे आणि व्हॉल्यूम दुप्पट करावं लागतं. नाहीतर चार्ट सांगतो की शेअर एका रात्रीत अर्धा झाला. याहू फायनान्सवर मिळणारा जुन्या भावांचा इतिहास विभाजन-बोनससाठी आधीच समायोजित असतो. म्हणून मागची वर्षं याहूची आणि पुढची भावकॉपीची अशी खिचडी केलीत तर कुठे समायोजन झालंय आणि कुठे राहिलंय याचा पत्ता लागत नाही. एकच स्रोत धरा.

तारखांचंही तसंच. ‘शनिवार-रविवार वगळा’ अशी ओळ स्क्रिप्टमध्ये असेल तर २० जानेवारी २०२४ आणि अर्थसंकल्पाचा १ फेब्रुवारी २०२५, हे दोन्ही शनिवार हातातून जातात. त्या दिवशी बाजार चालू होता. दिवाळीचं मुहूर्ताचं सत्रही सुट्टीच्याच दिवशी येतं. वारावरून ठरवू नका. फाइल मिळाली तर घ्या, नाही मिळाली तर पुढे जा. निफ्टीचा आकडा शेअरांच्या भावकॉपीत नसतो, निर्देशांकांची फाइल वेगळी उतरवावी लागते. आणि छावणी मंडीच्या भावाशी ताडून बघायला कुणी एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारातल्या सोयाबीन वायद्यांचे भाव घेत असेल तर ती मालिका डिसेंबर २०२१ मध्ये तुटलेली दिसेल. सेबीने तेव्हा ते वायदे थांबवले होते, पुन्हापुन्हा डाउनलोड करून काही हाती लागायचं नाही.

चाचणीची पाच नावं नीट आली, की मग पूर्ण यादी. नवी नावं आपोआप जोडण्याची सोय पहिल्या फेरीत चालू ठेवा, नंतर बंद करा. म्हणजे पुढे एखादी फाइल बिघडली तरी डेटाबेसमध्ये कचरा शिरणार नाही. आयात झाल्यावर लॉग फाइल उघडून चुकलेल्या ओळी बघा, सिम्बॉलची संख्या मूळ यादीशी जुळवा, आणि कुठल्याही तीन तारखांचे भाव भावकॉपीशी डोळ्यांनी ताडा. जुळले, की ॲमीब्रोकर बंद करून अख्ख्या फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. तो चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट असू शकते.