फ्यूजरवर न्यूट्रॉन सक्रियण: धातू निवडताना या चुका टाळा

फ्यूजर म्हणजे हाय व्होल्टेजने ड्युटेरियमची (जड हायड्रोजनची) केंद्रकं एकमेकांवर आदळवून न्यूट्रॉन काढणारं छोटं यंत्र. ते न्यूट्रॉन टिपून धातू काही काळ किरणोत्सारी होतो, तेच न्यूट्रॉन सक्रियण. घरगुती ड्युटेरियम फ्यूजर सेकंदाला पाच-दहा लाख न्यूट्रॉन देत असेल तर तो उत्तम चाललाय. पण एवढ्या न्यूट्रॉनांत हाताला लागेल तो धातू ठेवून भागत नाही.

सोन्याचा मोह आधी सोडा. मंद न्यूट्रॉन ते भरपूर टिपतं, पण त्यातून बनणाऱ्या सोने-१९८ चं अर्धायुष्य (निम्मं विरायला लागणारा वेळ) २.७ दिवस. तासभर फ्यूजर चालवलात तरी संपृक्ततेच्या (मिळू शकणाऱ्या कमाल किरणोत्साराच्या) जेमतेम १ टक्का हाती येतं. चांदीत २४.६ सेकंद आणि २.४ मिनिटं अशी दोन अर्धायुष्यं मिळतात. १० मिनिटांत ती जवळपास संपृक्त होते. तासभर चालवायची तयारी असेल तर इंडियम घ्या (५४ मिनिटं), मोजायलाही सवड मिळते.

चांदी ९९९ शुद्धतेची, पाव ते अर्धा मिलिमीटर पत्रा. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच. मिठाईचा वर्ख शुद्ध असेलही, पण त्यात वजन कुठलं? उलट जाड बिस्कीट घेतलंत तर आतले बीटा कण (काउंटर मोजतो ते इलेक्ट्रॉन) बाहेरच पडत नाहीत.

अॅल्युमिनियमपासून सोडियम-२४ करायला बसणारे १४ एमईव्ही (ऊर्जेचं एकक) न्यूट्रॉनांचा, म्हणजे वेगळ्याच स्रोताचा, तक्ता वाचत असतात. त्या अभिक्रियेला ३.२५ एमईव्हीच्या वर ऊर्जा लागते. ड्युटेरियम-ड्युटेरियमचे न्यूट्रॉन २.४५ एमईव्हीचे. कितीही वेळ चालवा, होणार नाही.

मंदक (न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारा पदार्थ) विसरला तर चांदीही गप्प बसते. फ्यूजर आणि पत्र्यामध्ये ५ सेंटीमीटर एचडीपीई (दाट पॉलिथिलीन प्लास्टिक) किंवा पॅराफिन, पत्र्यामागेही तेवढंच. (१९३४ मध्ये फर्मींना पॅराफिनचा हा गुण चांदीवरच दिसला.) ‘न्यूट्रॉन शील्डिंग’ म्हणून मिळणारं बोरॉनयुक्त पॉलिथिलीन मात्र नको, हवे असलेले मंद न्यूट्रॉन बोरॉनच गिळतो.

मोजणी हाय व्होल्टेज बंद केल्यावरच. गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारं उपकरण) अभ्रकाच्या पातळ खिडकीचा, आधीच चालू करून ठेवलेला. पत्रा न्यायला ३० सेकंद लागले तर २४.६ सेकंदवाल्यातलं ५७ टक्के वाटेतच संपतं. दर १० सेकंदांनी आकडा टिपा, पार्श्वभूमी (पत्र्याशिवायही काउंटर दाखवतो तो आकडा) वजा करा. आकडे घटण्याचा उतार चांदीच्या दोन अर्धायुष्यांशी जुळला तरच सक्रियण. व्होल्टेज बंद करताच आकडा पार्श्वभूमीवर आला, तर आधी दिसत होते ते एक्स-रे किंवा विजेचा गोंगाट. शंका असेल तर तीच फेरी ड्युटेरियमऐवजी साध्या हायड्रोजनवर करा: पत्र्यात किरणोत्सार दिसायलाच नको.

भारतात असं यंत्र चालवण्याआधी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. ती नसेल तर परवानगी असलेल्या प्रयोगशाळेचं दार ठोठावा.