रात्रीच्या मोजणीला निघण्याआधी

मुंबईत बेघरांची मोजणी करायची तर पहिली तयारी घड्याळाची. दिवसा गेलात तर फुटपाथ रिकामा दिसेल. माणसं नाक्यावर, भंगार वेचायला, हॉलमध्ये ताटं विसळायला गेलेली असतात. 2011 च्या जनगणनेत घरांसाठी वीस दिवस होते, बेघरांसाठी 28 फेब्रुवारीची एकच रात्र. त्या रात्री शहरात सुमारे 57 हजार बेघर सापडले. 2019 मध्ये पालिकेच्या मोजणीत जेमतेम 12 हजार. मधल्या आठ वर्षांत बाकीच्यांना घरं मिळाली, असं दादरच्या पुलाखाली उभं राहून कुणीही म्हणणार नाही. तेव्हा दुकानांची शटरं पडल्यावर निघा, पहाटे चारच्या आत आटपा आणि तोच भाग आठवड्याभरात पुन्हा एकदा करायचा, हे आधीच ठरवून ठेवा.

त्याआधी एकदा संध्याकाळी नुसतं चालून या. पूल, स्कायवॉकचे जिने, स्टेशनबाहेरचे कट्टे, दर्ग्याची भिंत नकाशावर टिपा. ताडपत्र्या मोजून मोकळं होण्याचा मोह टाळा. एका पन्नीखाली दोन चुली असतात, तर कुठे पन्नी फक्त बोचक्यांवर असते आणि माणसं चार दुकानं पलीकडे झोपतात. एकट्या पुरुषाकडे उशाला पोतं, एवढंच. एकट्या बाया उजेडात, एटीएमपाशी किंवा चौकीजवळ जागा धरतात. काही तर रात्रभर जाग्या राहून दिवसा झोपतात. रात्री हिंडणाऱ्या बाईला ‘वाटसरू’ समजून सोडून देऊ नका. परळला टाटा आणि केईएमबाहेर पथारी टाकलेल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी वेगळा रकाना करा. त्यांना गावी घर आहे. त्यांना हवी आहे ती उपचार संपेपर्यंत परवडणारी खोली.

पथकात निदान दोन बायका हव्यात आणि त्याच फुटपाथवर राहणारं कुणीतरी, मानधन देऊन. खाकी कपडे नकोत, झोपलेल्याच्या तोंडावर बॅटरी नको, फोटो तर नकोच. पहिलं वाक्य घरीच घोकून या: आपण कोण, कशाला आलो, काय करणार नाही. ‘पोटाला काय करता?’ हा प्रश्न आपल्याला साधा वाटतो. समोरच्याला भीक मागणाऱ्याला पकडायची मुभा देणारा 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आणि पकडलेल्यांना ठेवतात ते चेंबूरचं भिक्षेकरी गृह आठवतं. आधार कार्ड शेवटी विचारा, तेही हवं असेल तरच.

आता ज्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवायचा, ते. मोजणारा आणि सामान उचलणारा एकच असता कामा नये. आज नाव लिहून नेलं आणि परवा अतिक्रमणाची गाडी आली, तर पुढची दहा वर्षं तिथे कुणी खरं बोलणार नाही. वॉर्ड ऑफिसकडून लेखी घ्या की त्या पंधरवड्यात तिथे कारवाई नाही आणि ही यादी अतिक्रमण विभागाकडे जाणार नाही. नेमकी जागा आणि नावं वेगवेगळ्या वह्यांत ठेवा. मुंबईतल्या फुटपाथवासीयांना हटवण्याविरुद्धच्या ओल्गा टेलिस खटल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा 1985 चा निकाल पथकाला समजावून सांगा, पण पूर्ण. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो, हे सगळ्यांना पाठ असतं. फुटपाथवर राहण्याचा हक्क मात्र न्यायालयाने मान्य केला नाही. हटवण्याआधी साधारणपणे नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी, असं सांगितलं. खटल्यातल्या त्या वस्त्या त्या वर्षीचा पावसाळा सरून महिना होईपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत हलवू नयेत, असंही म्हटलं. नोटीस न देता ताडपत्री फाडणाऱ्याला हे दाखवता आलं पाहिजे.

‘निवाऱ्यात चला’ म्हणण्याआधी निवारा बघून या, शक्यतो रात्री. लाख लोकवस्तीमागे एक, निदान शंभर जणांचा, चोवीस तास उघडा, असा नियम आहे. सव्वा कोटींच्या मुंबईला या हिशेबाने सव्वाशे लागतील. तुमच्या वॉर्डात किती खाटा रिकाम्या आहेत, तो आकडा खिशात ठेवा. कुटुंबाला एकत्र ठेवतात का? पंधरा वर्षांचा मुलगा आईबरोबर राहू शकतो का? हातगाडी कुठे लावायची? पहाटे तीनला माल उतरवायला जाणाऱ्याला दार कोण उघडणार? यातल्या एखाद्या प्रश्नालाही उत्तर नसेल तर माणूस येणार नाही, आणि अहवालात लिहिलं जाईल की ‘लाभार्थीने नकार दिला’. अशा अहवालासाठी नकाराचं कारण लिहायचा रकाना छापून घ्या.

पिशवीत पाण्याच्या बाटल्या, ओआरएस, पट्ट्या, दोन जादा पेनं. 108 (रुग्णवाहिका) आणि 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोनमध्ये असू द्यात. एकटं मूल दिसलं तर मोजणी थांबवून आधी 1098. फॉर्म पहाटे वॉर्डातच जमा करा, कुणाच्या घरी जाऊ देऊ नका. दुसऱ्या फेरीला शक्यतो तीच माणसं पाठवा. चेहरा ओळखीचा झाला की पहिल्या रात्री झोपेचं सोंग घेतलेले उठून बसतात.