मिरवणुकीत ढोल-ताशा पथक पुढे उभं राहून कसं चालवावं

पथक चालवणाऱ्याच्या गळ्यात ना ढोल हवा ना ताशा. दोन्ही हात मोकळे, गळ्यात शिट्टी आणि तोंड वादकांकडे. उलटं चालायचं असल्याने पाठीमागची वाट बघणारा एक स्वयंसेवक सोबत घ्या. नाशिकच्या मेनरोडसारख्या अरुंद रस्त्यावर त्याच्याशिवाय उतरूच नका.

४० ढोलांना ८-१० ताशे पुरतात. सगळे ताशे पुढे लावण्याची सवय मात्र मोडा, निम्मे तरी रांगांच्या मधोमध उभे करा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पथक ३४ मीटर लांब असेल तर पुढच्या ताशाचा आवाज शेवटच्या ढोलापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे मागचा वादक मात्रेच्या पाचव्या हिश्शाने मागे पडला. त्याचा ढोल तुमच्या कानाशी येईतो आणखी तेवढाच उशीर. तुम्हाला वाटतं मागची रांग ढेपाळली. तसं नसतं, ती पोरं कानाने वाजवत असतात. म्हणून मधल्या रांगेत एक जण असा ठेवा, जो वाजवणार नाही. तुमचा हात बघून तोच हात वर धरील. मागच्यांनी नजर त्याच्यावर ठेवायची.

सुरुवात करताना तीन मात्रा मनात मोजा, चौथीला हात उचला, समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, खाली आणा. हात ज्या वेगाने वर जातो, तीच लय वादक धरतात. झटक्यात उचललात तर ठेका पहिल्यापासूनच पळतो.

ठेका बदलायचा असेल तर त्याचा क्रमांक बोटांनी दाखवा. आठ मात्रांच्या ठेक्यात बोटं पहिल्या मात्रेलाच वर जायला हवीत आणि आवर्तनभर, म्हणजे आठही मात्रा पूर्ण होईतो, तशीच राहायला हवीत. सातव्या-आठव्या मात्रेला शिट्टी, समेला हात खाली. सहाव्या मात्रेला खूण केली की पुढची रांग बदलते, मागची जुनंच वाजवत राहते. बंद करण्यासाठी मूठ. टिपरू (ढोलाची काठी) उचलताच थाप देणाऱ्या हाताचा तळवा पानावर, म्हणजे ढोलाच्या ताणलेल्या पडद्यावर, टेकवायला सांगा, नाहीतर घुमारा रेंगाळतो.

लय बहुधा ताशांच्या तर्रीमुळे, म्हणजे काड्यांच्या सलग जलद कडकडाटामुळे, चढते. अशा वेळी ओरडू नका, शिट्टीही वाढवू नका. तर्री बंद करून चार आवर्तनं साधा ठेका ठेवा, लय आपोआप बसते. नाशिकच्याच गोदावरीवरच्या होळकर पुलासारख्या मोकळ्या जागी आवाज पसरतो, दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून परत येत नाही. ढोल कमी वाजतोय असं वाटून पोरं जोर लावतात आणि जोरासोबत लय पळते. पुलावर चढण्याआधीच तळवा खाली करून आवाज उतरवून घ्या.

पावसात चामड्याचं पान सैल पडलं तरी हेच होतं. तेव्हा थांबून दोऱ्या आवळा.

वादक बदलताना अख्खी रांग एकदम सोडू नका. एकाआड एक बदला, नवा वादक जुन्याशेजारी उभा राहून दोन आवर्तनं ऐकेल आणि मगच ढोल गळ्यात घेईल.