गो शिकायचाय? मग कागदावर काय घ्यायचं आणि मोबाईलवर काय

सांगलीत बुद्धिबळाचं पुस्तक मागितलं तर कुणाच्या तरी माळ्यावर सापडतंच, नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा बघत मोठं झालेलं गाव आहे हे. गोचं, म्हणजे रेषांच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या ठेवून जागा घेरायच्या खेळाचं, तसं नाही. पुस्तक बाहेरून मागवायचं नाहीतर मोबाईलवर घ्यायचं, आणि कुणी नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न हाच, काय घेऊ? मी दोन्हीकडं पैसे घातलेत, त्यातले बरेच उगाच, म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट. बुद्धिबळाचं पुस्तक नुसत्या अक्षरांवर चालतं, घोडा एफ३ म्हटलं की संपलं. गोमध्ये १९ बाय १९ रेषा, म्हणजे ३६१ जागा, आणि सोंगट्या सगळ्या एकसारख्या, त्यामुळं पुस्तकात चाली लिहीत नाहीत, पटाचं चित्र छापतात आणि प्रत्येक सोंगटीवर नंबर टाकतात, ही पहिली खेळली, ही दुसरी. म्हणजे अख्खं पुस्तक चित्रांचंच. ते चित्र कुठं नीट वाचता येतं, सगळा प्रश्न तेवढाच आहे.

पहिला महिनाभर मात्र काहीच विकत घेऊ नका, खरंच. पुठ्ठ्यावर मार्करनं ९ बाय ९ रेषा मारा, टेलरिंग मटेरियलच्या दुकानातून काळी-पांढरी बटणं आणा, रंगाला चाळीस-चाळीस भरपूर झाली, आणि खेळा. पहिले ५० डाव लवकर हरून घ्या असं गोवाले म्हणतात, ते काही उगाच नाही. घेरून मारायचं कसं, शेवटचा श्वास राहिला की त्याला आतारी म्हणतात (सोंगटीला लागून असलेली रिकामी जागा म्हणजे लिबर्टी, तिला आमच्या घरात श्वासच म्हणतात), दोन डोळे म्हणजे काय (आत राखलेल्या दोन वेगळ्या रिकाम्या जागा, त्या असल्या की सोंगट्या मरत नाहीत), हे हरल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

मोठा पट मी फ्लेक्सवर छापून घेतला, साधारण दीड बाय दीड फूट. दुकानातल्या पोरानं फाईल उघडली, बराच वेळ नुसत्या रेषा बघितल्या आणि म्हणाला, "ओ सर, फोटो कुणाचा टाकायचा ह्यात?" वाढदिवसाचाच असणार असं त्याला वाटलं. पण पट झकास झाला, गुंडाळून पिशवीत जातो.

आता पुस्तकं. पहिलं घ्यायचं ते मारण्या-जगवण्याच्या कोड्यांचं, ज्याला त्सुमेगो म्हणतात, आणि ते कागदावरच घ्या. कारण सांगतो. मोबाईलवर कोडं आलं की बोट आपोआप पुढं जातं, इथं दाबून बघू, चुकलं, मग तिथं, तिसऱ्यांदा बरोबर येतं आणि आपल्याला वाटतं सुटलं. डोक्यात काहीच वाचलेलं नसतं. कागद दाबून काही होत नाही, मुकाट्यानं बघत बसावं लागतं. उत्तर शेजारच्याच पानावर असेल तर लग्नाची जुनी पत्रिका आडवी धरा, जाड असते, बरी पडते. रोज दहा कोडी, एकाला फार तर मिनिटभर, पटावर मांडायचं नाही. नाहीच आलं तर उत्तर बघा, कोपऱ्यात पेन्सिलनं टिंब करा, पुढं चला. पुस्तक संपलं की पहिल्यापासून परत, तिसऱ्या फेरीला टिंबं किती कमी झाली ते आपलं आपल्यालाच दिसतं.

शिवाय ही पुस्तकं शिळी होत नाहीत. कडेच्या दुसऱ्या ओळीवर सलग सहा सोंगट्या घेरल्या गेल्या तर मरतात, आठ जगतात, सात असतील तर पाळी कुणाची त्यावर. कोपऱ्यात चार मरतात, सहा जगतात. हे शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकात असंच होतं आणि आजही असंच आहे. जुनं, पिवळं पडलेलं मिळालं तरी डोळे झाकून घ्या.

जोसेकीचं तसं नाही हं. जोसेकी म्हणजे कोपऱ्यातल्या ठरलेल्या चाली. मार्च २०१६ मध्ये अल्फागो ह्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमनं कोरियाच्या नामांकित खेळाडूला, ली सेडोलला, ४-१ हरवलं आणि पुढच्या एक-दोन वर्षांत कोपऱ्याचं बरंच शास्त्र उलटंपालटं झालं. समोरच्याची सोंगटी कोपऱ्यात ४-४ वर (दोन्ही कडांपासून चौथ्या रेषेवर) असताना डावाच्या सुरुवातीलाच ३-३ वर आत घुसणं म्हणजे नवशिक्याचा हावरटपणा, असं जुनी पुस्तकं सांगायची, आता मोठमोठे खेळाडू सर्रास घुसतात. त्यामुळं जोसेकीचा जाडजूड ठोकळा घेताना छापल्याचं साल आधी बघा, आणि खरं सांगायचं तर ह्या विषयाला डिजिटलच बरं. काटागो हा गो खेळणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम फुकट आहे, शंका आली की डाव त्याच्यापुढं टाकून बघता येतो. फक्त ते कुठं खेळायचं ते सांगतं, का ते सांगत नाही, ते का समजायला माणसानं लिहिलेलंच वाचावं लागतं.

मोठ्यांचे पूर्ण डाव बघायचे तर ते पण स्क्रीनवर. छापील चित्रात मेलेली सोंगटी तशीच दिसत राहते, आणि त्याच जागी परत कुणी खेळलं की चित्राखाली बारीक टीप असते, ३८ नंबर ३१ च्या जागी वगैरे. नवीन माणूस तिथंच हरवतो. डावाच्या चाली साठवलेली एसजीएफ फाईल उघडली की मेलेल्या आपोआप उचलल्या जातात, मागं-पुढं करता येतं. सांगली-कोल्हापूर एसटीत बसलं की जयसिंगपूर यायच्या आत माझा एक डाव बघून होतो.

ई-बुक घेताना मात्र सॅम्पल उघडून बघा. सहा इंची रीडरवर १९ च्या पटावरचा तीन आकडी नंबर वाचायला भिंग लागतं, आणि साध्या ई-बुकात फॉन्ट वाढवला की मजकूर ह्या पानावर, चित्र पुढच्या. चित्रावर टॅप करून चाली खेळता येतील अशीच घ्या, तीही टॅबवर. आणि ज्या ॲपात पुस्तकं आहेत ते उद्या बंद पडलं तर काय, हे आधीच विचारा. माझी चार अशीच गेली, फोन बदलला आणि ॲप नव्यावर चालेचना, कुणाला फोन करणार.

स्वस्तात मिळते म्हणून ऑनलाईन झेरॉक्स कॉपी घेऊ नका. मी घेतली, काळ्या सोंगटीवरचे पांढरे नंबर सगळे भरून गेलेले, काळे डागच नुसते. बाहेरून मागवताना कुरिअर महाग पडतं, दोघातिघांनी मिळून एकदम मागवा.

आणि नदीकाठच्या गल्लीत राहत असाल तर पुस्तकं जूनमध्येच माळ्यावर टाका. २०१९ च्या पुरात माझं कोड्यांचं पहिलं पुस्तक खालच्या कप्प्यात राहिलं, पाणी उतरल्यावर पानं चिकटून वीट झाली होती. वाळवून सुरीनं एकेक सोडवली, साठेक कोडी वाचली त्यातली. फ्लेक्स तेव्हा नव्हता, असता तर धुऊन परत वापरला असता.