नव्या चित्रपटावर मित्रांसोबत चर्चा करताना या चुका टाळा

शनिवारी रात्री मित्रमंडळींनी मिळून नवा चित्रपट पाहायचा आणि रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलावर त्याचा कीस काढायचा, हा नाशिकमधल्या अनेक गटांचा ठरलेला परिपाठ आहे. तरीही यांतल्या पुष्कळ चर्चा दहा मिनिटांत आटोपतात आणि ज्या लांबतात त्या वादावर जातात. चित्रपटाविषयीचे ज्ञान अपुरे असणे हे याचे कारण क्वचितच असते. मत मांडणारा माणूस ते मत पडद्यावरच्या कोणत्या दृश्यातून तयार झाले हे सांगत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यापुढे होकार किंवा नकार एवढेच दोन मार्ग उरतात. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ येथेच आहे.

दिवे लागताच निकाल

पहिली चूक चित्रपटगृहाच्या जिन्यावरच होते. श्रेयनामावली सुरू होते न होते तोच कोणीतरी "कसा वाटला?" असे विचारतो, गटातला सर्वांत मोठ्या आवाजाचा मित्र "एकदम कडक" किंवा "पैसे वाया गेले" असे सांगून मोकळा होतो, आणि त्यानंतर बोलणारा प्रत्येक जण आपले म्हणणे त्या पहिल्या वाक्याच्या बाजूने किंवा विरोधात मांडू लागतो. सिटी सेंटर मॉलच्या पार्किंगमधून गाड्या बाहेर निघेपर्यंत गटाचे मत ठरून गेलेले असते. चारचौघांत एकदा बोललेले मत मागे घेणे कोणालाही जड जाते, म्हणून दुसऱ्या दिवशीही तेच मत पुढे चालते, आणि ज्याला काही वेगळे जाणवले होते तो गप्प राहतो.

यावर आमच्या गटाने केलेला उपाय साधा आहे आणि तो कोणत्याही गटाला करता येईल. घरी पोहोचेपर्यंत चित्रपटाविषयी बोलायचे नाही. झोपण्यापूर्वी प्रत्येकाने मोबाइलमध्ये तीन गोष्टी टिपून ठेवायच्या: मनात राहिलेले एक दृश्य, लक्ष उडाले ती एक जागा, आणि न सुटलेला एक प्रश्न. सकाळी चर्चेला बसल्यावर ही टिपणे वाचून दाखवायची आणि सुरुवात नेहमी कमी बोलणाऱ्या मित्राकडून करायची. टिपण कसे असावे, याकडे मात्र लक्ष दिले पाहिजे. "दुसरा भाग कंटाळवाणा" या टिपणातून चर्चेला काहीच मिळत नाही. "मध्यंतरानंतर ती बसस्थानकावर एकटी बसते, तिथे माझे लक्ष उडाले, कारण ती परत जाणार नाही हे त्याआधीच कळले होते" असे लिहिले, की टेबलावरचा प्रत्येक जण ते दृश्य आठवतो आणि कोणीतरी लगेच म्हणतो की तिच्या हातातले तिकीट कोणत्या गावाचे होते हे तिथेच पहिल्यांदा दिसते. चर्चा सुरू होते ती अशा जागी.

पाचपैकी किती तारे, हा प्रश्नही याच कारणासाठी शेवटपर्यंत बाजूला ठेवावा. एकाने साडेचार आणि दुसऱ्याने दीड दिला, तर सरासरी तीन येते, आणि चित्रपट बरा आहे असा समज होतो, जो त्या दोघांपैकी कोणाचाच नसतो.

कथा सांगणे म्हणजे समीक्षा, हा गैरसमजही बराच वेळ खातो. सर्वांनी चित्रपट पाहिलेला असताना कथानक पुन्हा सांगण्याची गरज नसते, आणि एखाद्याने पाहिलेला नसेल तर त्याच्यादेखत शेवट फोडणे हा त्याच्यावर अन्याय आहे. अशा मित्राला आधी विचारावे आणि त्याची हरकत असेल तर मध्यंतरापर्यंतच्याच भागावर बोलावे.

"संथ आहे" या शब्दामागे काय आहे

चर्चेत सर्वांत जास्त वापरला जाणारा आणि सर्वांत कमी सांगणारा आक्षेप म्हणजे चित्रपट संथ असल्याचा. त्यापाठोपाठ "एडिटिंग कमी पडले" हे वाक्य येते आणि संकलकाच्या माथी असा दोष मारला जातो जो बहुधा त्याचा नसतो. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये आपला पहिला कथापट पडद्यावर आणला, तेव्हा लेखन, दिग्दर्शन, संकलन आणि फिल्म धुण्यापर्यंतची बहुतेक कामे त्यांनी स्वतः केली होती, आणि पुढे नाशिकला बिऱ्हाड हलवल्यावरही हे काम त्यांनी त्याच जिद्दीने चालवले. तिथे चूक किंवा करामत कोणाची, हे शोधावे लागत नव्हते. आजच्या चित्रपटात ही कामे वेगवेगळ्या माणसांची असतात, म्हणून दोष आणि श्रेय योग्य ठिकाणी पोहोचवायचे असेल तर प्रेक्षकालाही थोडे कष्ट घ्यावे लागतात.

त्यासाठी काही प्रश्न क्रमाने विचारावेत. कंटाळा नेमका कोणत्या दृश्यात आला? ते दृश्य संपूर्ण काढून टाकले तर पुढची गोष्ट समजेल का? समजत असेल, म्हणजे त्या दृश्यात आधीच कळलेली गोष्ट पुन्हा सांगितली असेल, तर दोष बहुधा पटकथेचा असतो. दृश्य आवश्यक आहे, परंतु त्यातला माणूस दारातून आत येण्यापासून खुर्चीवर बसण्यापर्यंतचा सगळा वेळ विनाकारण पाहावा लागला, तर संकलनाविषयी बोलता येते, मात्र तो वेळ ठेवण्याचा निर्णय दिग्दर्शकाचाही असू शकतो हे ध्यानात घ्यावे लागते. दृश्य आवश्यक आहे, लांबीही ठीक आहे, आणि तरीही त्यात जीव वाटत नाही, तर समोरासमोर बोलणाऱ्या दोन पात्रांमधले ताण अभिनयात उतरले का, हे पाहावे. एक शक्यता याहून वेगळी आहे: दृश्य मुद्दाम संथ ठेवलेले असते. म्हाताऱ्या बापाला जिना चढायला लागणारा पूर्ण वेळ दिग्दर्शकाने दाखवला असेल आणि पुढे तोच जिना त्याला चढता येणार नसेल, तर ती संथपणाची किंमत कथेने वसूल केली आहे. माझ्या मते सुजाण प्रेक्षकाची ओळख हा फरक करण्यात आहे, आणि तो फरक एकट्याने पाहताना निसटतो, गटात बोलताना सापडतो.

अभिनयाविषयी बोलतानाही अशीच गल्लत होते. पल्लेदार संवाद टाळ्या मिळवतात, पण त्यांचे अर्धे श्रेय संवादलेखकाचे असते. एखाद्या नटाचे काम जोखायचे असेल तर तो बोलत नसताना, समोरच्याचे ऐकत असताना त्याचा चेहरा काय करतो, हे आठवून पाहावे.

डब केलेल्या चित्रपटांबाबत येथे विशेष सावध राहिले पाहिजे. तेलुगू, तमिळ किंवा कन्नड चित्रपट नाशिकमध्ये आपण बहुतेक वेळा हिंदी आवृत्तीत पाहतो. त्यात चेहरा एकाचा आणि आवाज दुसऱ्याचा असू शकतो, म्हणून "त्याची संवादफेक सपाट आहे" असे विधान मूळ नटाला लागू पडेलच असे नाही. सुरुवातीला पडद्यावर दिसणाऱ्या सेन्सॉर बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आवृत्तीची भाषा आणि लांबी दिलेली असते, तिकडे नजर टाकण्याची सवय लावून घ्यावी. गटातल्या एखाद्याने मूळ भाषेत उपशीर्षकांसह तोच चित्रपट पाहिला असेल, तर त्या मुद्द्यावर त्याचे म्हणणे आधी ऐकावे.

दोष चित्रपटाचा की चित्रपटगृहाचा

शहरातल्या एका चित्रपटगृहात पाहिलेल्या चित्रपटाविषयी आमच्यापैकी चौघांचे मत पडले की छायाचित्रण काळवंडलेले आहे आणि संवाद कळत नाहीत. तोच चित्रपट दुसरीकडे पाहिलेल्या मैत्रिणीला यांतले काहीही जाणवले नव्हते. असा विरोध समोर आला तर वाद न घालता आधी तपासणी करावी. अनेक दिशांनी आवाज देणाऱ्या यंत्रणेत संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. संगीत आणि स्फोट दणदणीत ऐकू येत असताना संवाद पहिल्यापासून शेवटपर्यंत दबलेले असतील, आणि चित्रपटापूर्वी दाखवलेल्या जाहिरातींतले बोलणेही तसेच अस्पष्ट असेल, तर त्या स्पीकरवर संशय घेण्यास जागा आहे. संवाद फक्त काही ठरावीक दृश्यांत बुडत असतील, तर प्रश्न चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणाचा असण्याची शक्यता अधिक. चित्र सगळीकडे सारखेच अंधारे दिसत असेल तर प्रोजेक्टरचा दिवा जुना झालेला असू शकतो, किंवा थ्रीडी खेळासाठी प्रोजेक्टरपुढे लावलेला फिल्टर साध्या खेळाच्या वेळी काढायचा राहून गेलेला असू शकतो. श्रेयनामावलीतली अक्षरे कडेला कापली जात असतील, तर चौकटही नीट बसवलेली नाही हे उघड आहे. यांतले काहीही दिसले तर मध्यंतराची वाट न पाहता बाहेर जाऊन कर्मचाऱ्यांना सांगावे. छायाचित्रकाराने महिनोन्‌महिने रंगांवर घेतलेली मेहनत एका मंद दिव्यामुळे वाया जावी आणि वर ठपकाही त्याच्यावरच यावा, हे मला फार खटकते.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. चर्चेत दाखवण्यासाठी म्हणून मोबाइलवर पडद्याचा तुकडा चित्रित करणे ही किरकोळ बाब राहिलेली नाही. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात झालेल्या सुधारणेनुसार परवानगीशिवाय असे चित्रण केल्यास तीन महिने ते तीन वर्षे कारावास आणि किमान तीन लाख रुपये दंड होऊ शकतो. दृश्य शब्दांत सांगावे. त्याने सांगणाऱ्याचे निरीक्षणही तीक्ष्ण होते.

आकडे, चाहते आणि आपलेपणा

"दोनशे कोटी उगाच कमावले का?" या प्रश्नाने अनेक चर्चा बंद पडतात. तिकिटांच्या एकूण विक्रीचा, म्हणजे ग्रॉसचा आकडा करासह असतो, आणि शंभर रुपयांहून महाग तिकिटावर हा कर १८ टक्के आहे. कर वजा जाता नेट उरतो आणि त्यातलाही मोठा वाटा चित्रपटगृहाकडे राहतो. तिकिटाचे दर वाढले की तेवढ्याच प्रेक्षकांतून आकडा फुगतो. चित्रपट किती लोकांपर्यंत पोहोचला, हेसुद्धा ज्यातून नेमके कळत नाही तो आकडा कलाकृतीच्या गुणवत्तेचा पुरावा म्हणून स्वीकारू नये.

मराठी चित्रपटाच्या बाबतीत चूक उलट बाजूने होते. "आपला आहे, सांभाळून घ्या" म्हणत सढळ हाताने कौतुक केले जाते, आणि त्याच वेळी "पुढच्या आठवड्यात पाहू" म्हणून तिकीट मात्र काढले जात नाही. पुढच्या शुक्रवारी नवे चित्रपट लागतात, खेळ कमी होतात, उरलेला एखादा खेळ कामाच्या दिवशी दुपारी येतो, आणि बेत राहून जातो. मराठी चित्रपटाविषयी खरोखर आस्था असेल तर तो पहिल्या तीन दिवसांत पाहावा आणि नंतर त्याची समीक्षा इतर कोणत्याही भाषेतल्या चित्रपटाइतक्याच कसून करावी. मायेपोटी केलेल्या स्तुतीतून दिग्दर्शकाला काहीही शिकता येत नाही.

चर्चा भांडणावर आली तर

बहुतेक भांडणे "तुला तो कळलाच नाही, राव" या वाक्याने पेटतात. या वाक्यानंतर बोलणे चित्रपटावरून माणसावर घसरते आणि समोरचा आपल्या बुद्धीचा बचाव करू लागतो. त्याऐवजी "शेवटी बापाने दार उघडे ठेवले, ते तू कसे घेतलेस?" असे विचारले, तर त्याला पुन्हा त्या दाराकडे जावे लागते. एखाद्या नटाचा कट्टर चाहता गटात असेल तर त्याची थट्टा करू नये. त्या नटाचे आधीचे काम त्याला सर्वांत चांगले ठाऊक असते, तेव्हा या भूमिकेत त्याने नवे काय केले, हे त्यालाच विचारावे. जात, धर्म किंवा स्त्रियांचे चित्रण यांवरून मतभेद झाला तर तो टाळू नये, कारण चित्रपटाने तो विषय हाताळला आहे. फक्त पात्र जे म्हणते तेच चित्रपटाचे म्हणणे आहे का, हा प्रश्न आधी सोडवावा: खलनायकाच्या तोंडचे वाक्य चित्रपट पुढे खोडून काढतो, की त्यावर ढोल वाजवतो?

एवढे करूनही दोन बाजू जुळल्या नाहीत, तर वादाची दृश्ये टिपणात लिहून विषय थांबवावा. हिंदी चित्रपट साधारणपणे आठ आठवड्यांनी घरबसल्या पाहायला मिळतात. त्या वेळी संपूर्ण चित्रपट पाहण्याची आवश्यकता नसते. फक्त वादातली दृश्ये काढावीत आणि प्रत्येक दृश्य एकदा आवाजासह व एकदा आवाज बंद करून पाहावे. आवाजाविनाही दृश्य तितकेच भिडले तर श्रेय अभिनयाला आणि छायाचित्रणाला द्यावे, आणि ते फिके पडले तर आपल्याला हलवून गेले ते पार्श्वसंगीत किंवा संवाद होते, असे समजावे. नंतर जुन्या टिपणाखाली तारीख घालून नवे मत लिहावे, आणि मत बदलले असेल तर ते कोणत्या दृश्यामुळे बदलले, हेही त्यात नोंदवावे.