करप्याला तोंड देणारं भाताचं रोप कसं तयार करावं

भाताच्या पानावरून टोकाकडून देठाकडे बोट फिरवून बघा. कानशीसारखं खरखरतं, बेसावध असलात तर कापतंही. ही धार सिलिकाची, म्हणजे वाळूतल्या खनिजाची. मुळं ती मातीतून उचलतात आणि पानाच्या वरच्या पेशींच्या भिंतींना तिचा गिलावा होतो. करपा हा भाताचा रोग. त्याची बुरशी पानाला चिकटून घुमटासारखा फुगा तयार करते, मोटारीच्या टायरच्या तीसपट तरी दाब त्यात धरते आणि त्या जोरावर पानात खिळा ठोकते. गिलावा दाट असेल तर खिळा अडतो.

पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बी ओता, ढवळा. तरंगलेलं पोचट बी काढून टाका, तळाचं दोन-तीनदा धुवून सावलीत सुकवा.

खरं काम राखेचं. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातलागवड पद्धतीत गादीवाफ्याला चौरस मीटरमागे अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची राख सांगितली आहे. वाफ्यावर ओळी पाडा, राख त्यांत टाकून मातीत मिसळा आणि त्याच ओळींत बी पेरा. राख काळीच हवी. तूस फार तापून पांढरी राख झाली की तिच्यातली सिलिका सहज विरघळत नाही, मग रोपाला तिचा काय उपयोग?

वाफ्यात एखादं रोप बाकीच्यांहून उंच, फिकट, किडकिडीत दिसलं तर हरखू नका, उपटून जाळा. ती वेगळीच बुरशी. तिच्या जिबरेलिनने पेशीभिंती सैल पडून पेशी ताणल्या जातात. बुरशी गाळून काढलेल्या नुसत्या द्रवानेही रोपं अशीच वाढतात, हे जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांनी १९२६ साली तैवानात दाखवलं. जिबरेलिन या संप्रेरकाचा शोध लागला तो या रोगामुळेच.

लावणीनंतर खाचर कोरडं पडू देऊ नका. तहानलेलं रोप अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढवतं, आणि बुरशीविरुद्ध पेशींना जागं करणारं सॅलिसिलिक आम्ल त्याच्यापुढे फिकं पडतं. पावसाने ओढ दिली की करपा का फोफावतो, त्याचं हे एक कारण.

राहिला युरिया. तो एकदम फेकला की पानं काळपट हिरवी, लुसलुशीत होतात आणि सिलिका कमी धरतात. शेजाऱ्याचं शेत तसं दिसलं तर दिसू दे. आपण लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध युरिया-डीएपी खताची एक गोळी, ७ ते १० सेंटिमीटर खोल, हाताने खोचायची.